झाडीच्या मुलखात फ्रँकलिन : प्रस्तावना

लवकर निजून लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती ही तिन्ही लाभतात, हा उपदेश बालपणी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला नाही किंवा शाळेच्या भिंतीवर वाचला नाही, असा मराठी माणूस विरळा. परंतु ज्याच्या पंचांगाने या उपदेशाला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली, तो कोणी धर्मगुरू नसून अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा एक मुद्रक होता, हे जाणणारे थोडे. आणि हे वचन त्याच्याही जन्माच्या कितीतरी आधीपासून इंग्रजी लोकांच्या तोंडी होते, हे जाणणारे त्याहून थोडे. वचनांचे असेच असते. ती कोणा एकाची राहत नाहीत. ज्या मुखाने ती अधिक नेटकेपणे उच्चारली त्या मुखाची काही काळ होतात आणि मग पुन्हा लोकांची होऊन जातात. बेंजामिन फ्रँकलिनची निवडक वचने आणि नीतिविचार मराठीत आणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांपुढे ठेवणाऱ्या, आणि त्यांच्या शेजारी या दोन जिल्ह्यांनी स्वतः घडवलेली वचने मांडणाऱ्या या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना ही गोष्ट मला प्रथम सांगावीशी वाटते.

फ्रँकलिन १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन येथे, साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम दोन वर्षे झाली. बाराव्या वर्षी भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. सोळाव्या वर्षी एका काल्पनिक विधवेचे नाव धारण करून त्याने भावाच्याच वृत्तपत्रात गुपचूप लेख लिहिले, आणि १७२३ मध्ये तेथील जाच असह्य होऊन तो फिलाडेल्फियाला पळून गेला. पुढे विजेच्या प्रयोगांनी त्याला शास्त्रज्ञांत स्थान मिळाले, आणि १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८३ चा इंग्लंडशी झालेला तह आणि १७८७ ची राज्यघटना या तिन्ही दस्तऐवजांवर त्याची सही झाली. तरीही आपल्या मृत्युपत्रात स्वतःची ओळख देताना वकिलातीच्या आणि राज्यकारभाराच्या पदांआधी त्याने ‘मुद्रक’ हीच उपाधी लावली. १७ एप्रिल १७९० रोजी तो वारला तेव्हा त्याच्या कीर्तीला युरोपातही जोड नव्हती.

त्याच्या वचनांचे मुख्य वाहन होते पंचांग. १७३२ च्या डिसेंबरात, पुढील सालासाठी, त्याने रिचर्ड साँडर्स या कल्पित ज्योतिषाच्या नावाने ‘गरीब रिचर्डचे पंचांग’ काढले आणि १७५८ पर्यंत ते चालवले. दरसाल त्याच्या सुमारे १०,००० प्रती खपत. जे लोक दुसरे पुस्तक सहसा विकत घेत नाहीत त्यांच्या हाती पंचांग मात्र असतेच, हे ध्यानात घेऊन तिथिवारांच्या मधल्या रिकाम्या जागांत तो उद्योग आणि काटकसर यांची छोटी छोटी वचने भरत असे, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ ज्यांच्या भिंतीवर आहे आणि ज्यांनी दुपारच्या निवांत वेळी त्याची मागची पाने वाचली आहेत, त्या मराठी कुटुंबांना या युक्तीचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. यांतली बहुतेक वचने जुन्या इंग्रजी संग्रहांतून घेतलेली होती आणि तसे कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याचे कर्तृत्व होते ते वचन घासून-पुसून लहान करण्यात, त्याला नाद देण्यात, आणि उपदेशाचा कडवटपणा विनोदाने घालवण्यात.

मात्र या वचनांच्या परिणामाविषयी फ्रँकलिन स्वतः भोळा नव्हता. १७५७ मध्ये इंग्लंडला जाताना जहाजावर त्याने पुढील सालच्या पंचांगाची प्रस्तावना लिहिली. तीच पुढे ‘संपत्तीचा मार्ग’ या अर्थाच्या शीर्षकाने अनेक भाषांत गेली. तीत लिलावासाठी जमलेल्या गर्दीपुढे एक वृद्ध गृहस्थ गरीब रिचर्डची वचने गुंफून काटकसरीवर लांबलचक व्याख्यान देतो. लोक माना डोलावतात, प्रत्येक शब्द त्यांना पटतो, आणि लिलाव सुरू होताच ते पूर्वीसारखीच उधळपट्टी सुरू करतात. या प्रसंगाकडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये अशी माझी विनंती आहे. वचन पटणे आणि वचन अंगी बाणणे यांमधील अंतर फ्रँकलिनला पुरते ठाऊक होते, आणि ते कापण्यासाठी त्याने आयुष्यात दोन भिन्न साधने वापरून पाहिली, असे मला वाटते.

पहिले साधन एकट्याचे. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, समतोल, स्वच्छता, शांती, संयम आणि नम्रता असे तेरा सद्गुण त्याने निवडले; यांतली नम्रता एका क्वेकर मित्राने त्याच्या गर्विष्ठपणाकडे लक्ष वेधल्यावर शेवटी घातलेली. वहीत प्रत्येक गुणासाठी एक पान, पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात स्तंभ, आणि चूक झाली की काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष द्यायचे, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. जमाखर्चाच्या खतावणीसारखी ठेवलेली ही मनाची वही जगभरच्या होतकरू तरुणांना भुरळ घालून गेली. एकोणिसाव्या शतकात स्वावलंबनाचा जो संप्रदाय उदयाला आला, त्याने फ्रँकलिनला आपला आद्य पुरुष मानले; आणि उलट बाजूने, १९०४-०५ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने वेळ आणि पैसा यांची सांगड घालणाऱ्या त्याच्या उपदेशात भांडवलशाहीच्या वृत्तीचा शुद्ध नमुना पाहिला, तर १९२३ मध्ये डी. एच. लॉरेन्सने ही सद्गुणांची यादी म्हणजे मानवी आत्म्याभोवती घातलेले कुंपण आहे अशा भावनेने तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. भक्त आणि टीकाकार हे दोन्ही पक्ष एका बाबतीत सारखेच चुकले असे माझे मत आहे. दोघांनीही एकट्या माणसाची वही पाहिली. तो माणूस रोज ज्या सभांत जाऊन बसत असे, त्या पाहिल्या नाहीत.

कारण दुसरे साधन सभेचे होते. १७२७ मध्ये त्याने कारागीर आणि लहान व्यापारी मित्रांचे एक मंडळ स्थापले. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमे, ठरलेले प्रश्न विचारले जात, आणि वाद जिंकण्यासाठी नव्हे तर सत्य शोधण्यासाठी बोलावे असा दंडक होता. हट्टी, निश्चयात्मक भाषा वापरणाऱ्याला किरकोळ दंडही होई. या मंडळाच्या चर्चांतून १७३१ मध्ये वर्गणीचे ग्रंथालय निघाले, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्यांचे पथक निघाले. १७५१ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक रुग्णालयासाठीही फ्रँकलिनने लोकवर्गणीचा मार्ग काढला. रस्त्यातली घाण काढण्याची व्यवस्थाही त्याने अशीच केली : एका गरीब, कष्टाळू माणसाला ठरवून, घरटी महिना सहा पेनी वर्गणी काढून, आठवड्यातून दोनदा फरसबंदी झाडण्याचे काम त्याला दिले आणि त्याचे फायदे सांगणारे पत्रक छापून घरोघर वाटले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामसफाईच्या आग्रहाशी परिचित असलेल्या विदर्भातील वाचकाला या मजकुरात आपल्या ओळखीचे काहीतरी सापडेल.

मराठीला नीतिवचनांची वाण कधीच नव्हती. पंचतंत्र-हितोपदेशाचा आणि भर्तृहरीच्या नीतिशतकाचा वारसा तर होताच. श्रीचक्रधरांची वचने केसोबासांनी सूत्रपाठात आणि दृष्टांतपाठात ग्रथित केली. वारकरी संतांनी आणि समर्थांनी नीतीला घरोघर पोहोचवले. लोकांच्या तोंडच्या म्हणी संग्रहित करण्याचे काम मात्र मुद्रणयुगातले : ए. मॅनवेरिंग या मिशनऱ्याचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून निघाला, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४० नंतरच्या दशकात. फ्रँकलिनशी आपला अधिक खोल संबंध मात्र वचनांच्या वाटेने आलेला नाही. १७७४ मध्ये थॉमस पेन नावाच्या इंग्लंडमधील एका बडतर्फ अबकारी अंमलदाराला फ्रँकलिनने शिफारसपत्र देऊन अमेरिकेला पाठवले; त्याच पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ पुढे पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडला, आणि १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ज्या फ्रँकलिनने स्वतः गुलाम बाळगले आणि वार्धक्यात पश्चात्तापाने गुलामगिरीविरोधी मंडळाचे अध्यक्षपद पत्करून १७९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसकडे त्या प्रथेविरुद्ध अर्ज पाठवला, त्याच्या एका पत्राची ही फलश्रुती आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. चांदा जिल्हा म्हणून शतकभर दप्तरी नोंद असलेल्या या प्रदेशातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची झाडीपट्टी, तिची धानशेती, तिची तळी, मंडई आणि रात्र रात्र चालणारी नाटके ही सरकारी हद्दींना न जुमानता एकच राहिली. बाहेरच्यांनी या मुलखाला नेहमी मागास म्हटले, अज्ञानी म्हटले. पण एक म्हणच पाहा. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मराठी मुलूखभर संचयाच्या उपदेशासाठी वापरतात. झाडीपट्टीत मात्र तळे ही उपमा नाही, ते गावाच्या वर बांधलेले आणि गावाने राखलेले खरे तळे आहे. गोंड राजांनी जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन सनदेने द्यावी, अशी जी परंपरा सांगितली जाते, तिच्यात कष्ट आणि फळ यांचा फ्रँकलिनला मनापासून पटला असता असा न्याय आहे. पण पाळ फुटली की गावाने मिळून बांधावी लागते, हा जो दुसरा न्याय मालगुजारी तलावांच्या काठी वाढलेल्या माणसाला कोणी न सांगता कळतो, तो ‘संपत्तीच्या मार्गा’त नाही.

या दुसऱ्या न्यायाला आधुनिक काळात वाणी दिली ती तुकडोजी महाराजांनी. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला, परंतु तारुण्यातील साधनेचा काळ त्यांनी चिमूर परिसरातल्या अरण्यात, रामदिघी आणि गोंदोड्याच्या बाजूस घालवला, म्हणून चंद्रपूर जिल्हा त्यांना आपलेच मानतो. त्यांच्या खंजिरीच्या भजनांचा संस्कार घेतलेल्या चिमूरने १६ ऑगस्ट १९४२ रोजी ब्रिटिश सत्तेविरुद्ध जो उठाव केला तो इतिहासात अजरामर आहे, आणि त्या साली महाराजांनाही तुरुंगवास घडला. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या म्हणजे वचनांचे एक विशाल भांडारच आहे. फ्रँकलिनप्रमाणेच श्रम, स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि वेळेचा सदुपयोग हे तिचे विषय. फ्रँकलिनप्रमाणेच अल्पशिक्षित माणसाला तोंडपाठ व्हावी अशी तिची भाषा. परंतु ग्रामगीता ज्याला उद्देशून बोलते तो एकटा होतकरू तरुण नाही. ती गावाला उद्देशून बोलते. पंचांगाच्या जागी येथे सामुदायिक प्रार्थना आहे. वचन वाचण्याऐवजी ते सर्वांनी एका सुरात म्हणायचे आहे.

वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांची वाणी याहून वेगळी, अधिक तप्त. दान माणसाला नासवते आणि काम त्याला घडवते, हे आनंदवनाचे ब्रीद जेव्हा कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणून सिद्ध केले, तेव्हा त्या वचनाला जो अधिकार प्राप्त झाला तो कोणत्याही पंचांगाला देता येणार नाही. १७६६ मध्ये फ्रँकलिनने असे लिहिले होते की गरिबाचे भले करायचे तर त्याचे दारिद्र्य त्याला सुसह्य करू नये, त्याला दारिद्र्यातून बाहेर काढावे. विचार जवळचाच, पण लंडनमध्ये बसून गरिबांविषयी तो उच्चारणे आणि वरोऱ्याच्या खडकाळ माळावर त्यांच्याबरोबर राहून उच्चारणे यांतला फरक वाचकाने विसरू नये. मिताहार हा फ्रँकलिनचा पहिला सद्गुण, आणि मद्यपानावरील अंकुश हा त्याचा अर्धा भाग. गडचिरोलीत मात्र हा प्रश्न वैयक्तिक वहीतल्या काळ्या ठिपक्याचा न राहता गावोगावच्या स्त्रियांच्या चळवळीचा झाला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली.

आणि या सर्वांच्या शेवटी, माझ्या दृष्टीने सर्वांहून महत्त्वाचे असे एक वचन धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने मराठीला दिले : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ हे कोणा एका ज्ञान्याचे वचन नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सहाध्यायी मित्राच्या सोबतीने, वर्षानुवर्षे बसून केलेल्या चर्चांतून ते वर आले. त्या गावाने चर्चेसाठी अभ्यासगट आणि निर्णयासाठी ग्रामसभा असे दोन भाग पाडले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, आणि एकाची जरी मान हलली नाही तरी थांबायचे, असा नियम केला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वचन आधी आले आणि कागद पुष्कळ नंतर. फिलाडेल्फियाच्या शुक्रवारच्या मंडळाला जर कोठे खरे सोयरे असतील तर ते कठाणी नदीच्या काठी आहेत.

हे साम्य मी ओढून-ताणून आणलेले नाही, कारण फ्रँकलिन स्वतः अरण्यवासी लोकांच्या सभांचा विद्यार्थी होता. १७३६ पासून पंचवीस-सव्वीस वर्षे त्याच्या छापखान्याने वसाहती आणि मूळ अमेरिकन राष्ट्रे यांच्यातील तहांची कैफियत पुस्तिकारूपाने छापली. उतारवयात, फ्रान्समध्ये वकील असताना, त्याने या लोकांविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो सांगतो की यांच्यात तुरुंग नाहीत, सक्ती करणारे अंमलदार नाहीत, सगळा कारभार वृद्धांच्या सल्ल्याने चालतो. सभेत एकजण बोलत असताना इतर सर्व पूर्ण शांत असतात, आणि तो बसल्यावरही काही सांगायचे राहिले असेल तर त्याला आठवावे म्हणून पाच-सहा मिनिटे कोणी उठत नाही. तहांची स्मृती स्त्रिया जपतात आणि ती लेखी प्रतीशी ताडून पाहिली असता तंतोतंत जुळते. १७४४ च्या लँकेस्टर येथील तहाच्या वेळची गोष्टही त्याने तेथे दिली आहे : व्हर्जिनियाच्या लोकांनी सहा राष्ट्रांच्या मुलांना आपल्या महाविद्यालयात शिकवण्याची तयारी दाखवली, तेव्हा प्रमुखांनी आभार मानून उत्तर दिले की पूर्वी शिकून आलेली आमची मुले धावण्यात कच्ची, थंडी-भूक सोसण्यास असमर्थ आणि अरण्यात जगण्यास निरुपयोगी ठरली, तुम्हीच आपली काही मुले आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना माणसे बनवून देऊ. आश्रमशाळेतून शिकून परतलेल्या मुलाला झाडांची नावे येत नाहीत हे दुःख भामरागड किंवा एटापल्लीच्या आईबापांनी बोलून दाखवले, तर अडीचशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर त्यांना जुना वाटणार नाही.

येथे प्रामाणिकपणे हेही नमूद केले पाहिजे की ज्यांच्या सभांचा त्याने असा गौरव केला, त्यांच्याच पश्चिमेकडील जमिनींवर वसाहत करू पाहणाऱ्या कंपन्यांत फ्रँकलिन भागीदार होता. १७६४ मध्ये निरपराध कोनेस्टोगा लोकांची कत्तल करणाऱ्या गोऱ्या जमावाचा त्याने निर्भयपणे निषेध केला, हे खरे. आणि जमिनीची हाव त्याला सुटली नाही, हेही खरे. त्याच्या तेरा गुणांच्या वहीत न्यायाचे एक पान होते. त्या पानावर हा ठिपका त्याने काढला नाही, तो आपण काढला पाहिजे.

आज नीतिवचनांची टंचाई नाही. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार आता दररोज सकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. तो कोणाचा, कोणत्या प्रसंगाचा, कोणी आचरून पाहिलेला, याची पत्रास कोणी ठेवत नाही, आणि फ्रँकलिनच्या नावावर तर त्याने कधी न उच्चारलेल्या वचनांचा ढीग रचला गेला आहे. दुसरीकडे सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज निघू लागले आहे, आणि गावाची संमती म्हणजे नेमके काय, ती कोणी, कशी, किती वेळ विचार करून द्यायची, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत रोजच्या जगण्याचा झाला आहे. अशा वेळी केवळ पहाटे उठून काटकसर करायला सांगणारा फ्रँकलिन आपल्याला अपुरा पडतो. सभेत कसे बोलावे, त्याहून कसे ऐकावे, आणि आपले मत मांडताना ते चूक असू शकेल याला जागा कशी ठेवावी, हे आयुष्यभर शिकत राहिलेला फ्रँकलिन आपल्याला हवा आहे, आणि मराठीत तो फारसा आलेला नाही.

संग्राहकांनी निवड करताना हीच दृष्टी ठेवली आहे. पंचांगातील प्रसिद्ध वचने त्यांनी घेतली, पण मोजकी. स्त्रियांची थट्टा करणारी आणि केवळ त्या काळच्या रुचीची अशी पुष्कळ गाळली. जे वचन फ्रँकलिनचे नाही ते जुन्या इंग्रजी म्हणींतले असल्याची नोंद जागच्या जागी केली. आत्मचरित्र, पत्रव्यवहार आणि मंडळाचे प्रश्न यांना त्यांनी पंचांगाहून अधिक पाने दिली. झाडीपट्टीतल्या वचनांच्या बाबतीत प्रत्येक वचन ज्याच्याकडून मिळाले त्याच्या बोलीत तसेच ठेवण्याचा आग्रह धरला, प्रमाण भाषेत त्याचे शुद्धीकरण केले नाही. हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. परस्परविरोधी वचनेही शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न कोठेही केलेला नाही.

वाचकाने पुस्तक आरंभापासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याला व्यापारधंद्याची वाट धरायची आहे त्याने पंचांगापासून सुरुवात करावी, शिक्षकांनी तेरा गुणांपासून. ज्या गावात ग्रामसभा भरते तेथे मात्र अरण्यवासी राष्ट्रांवरचा निबंध प्रथम उघडावा. तो मोठ्याने वाचून दाखवता यावा म्हणून त्याची वाक्ये संग्राहकांनी मराठीत मुद्दाम आखूड ठेवली आहेत, अक्षर ठळक घेतले आहे, आणि माडिया व गोंडीत तो तोंडी सांगण्याचे काम त्या त्या गावच्या शिकलेल्या मुला-मुलींनी हाती घ्यावे अशी त्यांची अपेक्षा आहे.